‘६२ सीसी’ची करवत आणि कच्चे बिल

कळमेश्वर तालुक्यात आमची संत्र्याची चार एकर बाग आहे आणि मी स्वतः नागपुरात मानेवाड्याला राहतो. गेल्या हिवाळ्यात आंबिया बहाराची तोड आटोपल्यावर सल, म्हणजे झाडांवरच्या वाळक्या फांद्या, काढायचे काम निघाले, आणि डिंक्या रोगाने वाळलेली २२ जुनी झाडेही बुडासकट काढायची असल्याने हातकरवत आणि कुऱ्हाडीवर भागणार नाही हे उघड होते. म्हणून चेनसॉ, म्हणजे पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत, घ्यायचे ठरवले. त्या खरेदीत मी कसा फसलो ते सविस्तर लिहितो आहे, कारण यंदाही सल काढायच्या सुमारास अनेक बागायतदार हीच खरेदी करतील.

आधी मी एका अधिकृत विक्रेत्याकडे गेलो होतो. त्याने जर्मनीच्या स्टिल कंपनीची एमएस २५० दाखवली, ४५.४ सीसी आणि २.३ किलोवॉट क्षमतेची, आणि भाव सांगितला ३८,००० रुपये. ‘जरा फिरून बघतो’ असे म्हणून मी नागपूरच्या इतवारी बाजारात आलो. तिथल्या एका दुकानात तशाच नारिंगी-पांढऱ्या रंगाची, २२ इंची बारची (बार म्हणजे चेन जिच्या कडेने फिरते ती लांब पट्टी) करवत ८,५०० रुपयांना मिळत होती आणि तिच्या अंगावर मोठ्या अक्षरांत ‘६२ सीसी’ असे छापलेले होते. ‘साहेब, माल सगळा एकाच कारखान्यातून निघतो, स्टिकर तेवढे वेगळे,’ असे दुकानदार म्हणाला. पाऊणपट कमी किमतीत दीडपट मोठे इंजिन, असा हिशेब मी मनात मांडला आणि स्वतःवरच खूश झालो. पक्के बिल हवे असेल तर १८ टक्के जीएसटी वर लागेल, वॉरंटी मात्र तशीही एक वर्षाची आहे, या त्याच्या शब्दावर विसंबून मी ‘अंदाजपत्रक’ असे शीर्षक असलेली चिठ्ठी खिशात घातली. तिच्यावर मॉडेल नव्हते, अनुक्रमांकही नव्हता.

पहिले दोन दिवस करवतीने फाटे भराभर कापले, हे मान्य केले पाहिजे. तिसऱ्या दिवशी सकाळी ती ज्या पोत्यावर ठेवली होती ते पोते चेनच्या तेलाने चिंब झालेले होते. दुपारी आमचा गडी म्हणाला, ‘भाऊ, अ‍ॅक्सिलेटर सोडला तरी चेन फिरूनच राहिली.’ कार्ब्युरेटरचा, म्हणजे इंजिनाला हवा आणि पेट्रोल मिसळून देणाऱ्या भागाचा, स्क्रू पिळून आयडलिंग (रिकामे चालतानाचा इंजिनाचा वेग) कमी केले की इंजिन बंद पडे आणि वाढवले की चेन आपोआप फिरू लागे. इंजिनाचा वेग वाढल्यावरच चेन फिरवणाऱ्या क्लचच्या स्प्रिंगा ढिल्या असल्या म्हणजे असे होते, हे मला नंतर कळले. त्या दिवशी मी ‘नवीन यंत्र आहे, बसेल हळूहळू’ असे म्हणून काम पुढे चालू ठेवले, आणि ही चूक दुकानदाराची नसून माझी होती.

पाचव्या दिवशी बारचे टोक मागच्या एका वाळक्या फांदीला लागले आणि करवत उसळून गड्याच्या अंगावर आली. चेन चालू असताना बारच्या टोकाचा वरचा भाग कशाला अडला की बार वर आणि मागे झेपावतो. पूर्ण वेगात चेन सेकंदाला २० मीटरच्या आसपास धावत असते, त्यामुळे माणसाला हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. त्यासाठीच पुढच्या दांड्यासमोर गार्ड असते. मनगट गार्डला लागले की ते पुढे ढकलले जाते आणि ब्रेकचा पट्टा चेन फिरवणारा ड्रम आवळून चेन तत्काळ थांबवतो. आमचे गार्ड पुढे गेले, ‘खट्’ असा आवाजही आला, पण चेन थांबली नाही. थंडीमुळे गड्याने हाताला दुपट्टा गुंडाळलेला होता. चेन त्या दुपट्ट्यात गुरफटली आणि इंजिन बंद पडले, म्हणून सात टाक्यांवर निभावले.

गडी घरी विश्रांती घेत असताना उरलेले काम दुसऱ्या माणसाने घाबरत घाबरत केले. नवव्या दिवशी इंजिन जाम झाले. कळमेश्वरच्या मेकॅनिकने माझ्यासमोर ते उघडले, व्हर्नियरने सिलिंडर मोजला आणि मोबाइलवर गुणाकार करून दाखवला. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ४५ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३२ मिलिमीटर, म्हणजे इंजिन जेमतेम ५१ सीसीचे होते. अंगावरचे ‘६२’ हे निव्वळ छापलेले अक्षर होते. पिस्टनला एका बाजूने खोल ओरखडे पडले होते. कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांना जोडणाऱ्या रबराला बारीक चीर होती. तिच्यातून जास्तीची हवा आत जाई आणि पेट्रोल कमी पडे. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळत असल्याने पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, आणि मग तापलेला पिस्टन सिलिंडरला धरतो. ब्रेकचा पोलादी पट्टा ड्रमला एकाच बाजूने घासत होता आणि तो ओढणारी स्प्रिंग मेकॅनिकने नुसत्या अंगठ्याने दाबून दाखवली. ज्या वस्तूवर गड्याचा हात अवलंबून होता, तिच्यात कारखान्याने बहुधा काही रुपयांचीच बचत केली असावी.

दुकानदाराने यंत्र पाहताच ‘तुम्ही ऑइल बरोबर मिसळले नाही’ असा निकाल दिला. टाकीच्या झाकणावर पेट्रोल आणि तेलाचे प्रमाण ४०:१ लिहिले होते आणि सोबतच्या पुस्तिकेत २५:१. मी पुस्तिकेप्रमाणे लिटरभर पेट्रोलला ४० मिलिलिटर, म्हणजे या दोन्हींतले जास्तीचेच तेल घालत होतो, हे सांगितल्यावर तो वॉरंटीवर आला आणि बिल मागू लागला. चिठ्ठी दाखवली तर म्हणे, हे बिल नव्हेच. सुटे भाग विचारले तर हे मॉडेल आता येत नाही. महिनाही उलटला नव्हता.

स्वस्त नक्कल म्हणजे फसवणूकच, असे माझे म्हणणे नाही. आपल्याकडे पेटंटची मुदत २० वर्षांची असते आणि जुन्या रचनेचे पेटंट संपल्यावर तसे यंत्र दुसऱ्याने बनवणे हा गुन्हा नाही. वर्षातून चार वेळा जळाऊ लाकूड कापणाऱ्याने ‘हे साधे यंत्र आहे, पाचशे रुपयांत याचा क्लच मिळतो’ असे समजून ते घेतले, तर त्याचा व्यवहार चुकला असेही मी म्हणणार नाही. माझी फसवणूक इंजिनाच्या खोट्या आकड्यात होती, तोंडी वॉरंटीत होती, आणि न चालणारा ब्रेक ‘ब्रेक’ म्हणून विकण्यात होती. खोक्यावर ‘जर्मन टेक्नॉलॉजी’ होते, पण आयातदाराचे नाव, पत्ता, उत्पादनाचा महिना यांपैकी काहीच नव्हते. वेष्टनबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार हा तपशील छापणे बंधनकारक आहे, आणि तो नाही एवढ्यावरूनच मी मागे फिरायला हवे होते.

पैसे मी यूपीआयने दिले होते आणि तेच पुढे कामी आले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवताना मी व्यवहाराची नोंद, खोक्याचे फोटो, मेकॅनिकने लिहून दिलेली मापे आणि दवाखान्याची पावती जोडली. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, हेही मी दुकानदाराला लेखी कळवले. त्यानंतर त्याचा फोन आला की तसलीच नवी करवत घेऊन जा आणि विषय संपवा. मी नकार दिला. त्याच खोक्यातली दुसरी करवत मी कोणाच्या हातात देणार होतो? शेवटी त्याने ६,००० रुपये परत केले. उरलेले पैसे आणि दवाखान्याचा खर्च यांसाठी आयोगात जाण्याची कागदपत्रे मी तयार ठेवली आहेत.

नवी करवत मी अधिकृत विक्रेत्याकडून घेतली, पण नाव पाहून डोळे मिटले नाहीत, कारण नामांकित कंपन्यांचे स्टिकर लावलेला बनावट मालही बाजारात फिरतो. क्रँककेसवर कोरलेला अनुक्रमांक पक्क्या बिलावर लिहून घेतला, पिस्टन आणि क्लच दुकानात शिल्लक आहेत का ते विचारून त्यांचे भाव टिपले, आणि करवत तिथेच सुरू करायला लावली. अ‍ॅक्सिलेटर सोडल्यावर चेन स्थिर राहिली. मग वेग देऊन गार्ड पुढे ढकलले, तेव्हा ती जागच्या जागी थांबली. गडी सोबत होता. त्याने विक्रेत्याला तेच आणखी तीनदा करायला सांगितले आणि मगच करवत हातात घेतली.