सिस्प्लॅटिनचे सलाईन: रात्रभर दाखल होऊन की डे-केअरमध्ये?

कर्करोगावरच्या केमोथेरपीसाठी सिस्प्लॅटिन हे औषध ठरले असेल, तर मूत्रपिंडे जपण्यासाठी भरपूर सलाईन घ्यावे लागेल हे तुम्हांला सांगितले गेलेच असेल. ते रात्रभर दाखल राहून संथपणे घ्यायचे की डे-केअरमध्ये चार-पाच तासांत, एवढाच प्रश्न उरतो. फुप्फुसाच्या कर्करोगासाठी दर 21 दिवसांनी झालेल्या माझ्या चार सायकलींपैकी, म्हणजे केमोच्या फेऱ्यांपैकी, पहिल्या दोन मी दाखल होऊन घेतल्या आणि उरलेल्या दोन डे-केअरमध्ये.

दाखल होण्यातला दिलासा खरा आहे. उलट्या सुरू झाल्याच, तर शिरेतून लगेच औषध मिळते आणि लघवी किती झाली याची नोंद राहते. मला नकोशी झाली ती रात्र. दर तासाला लघवीला उठायचे, चाकांचे स्टँड ओढत कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जायचे, मापाच्या भांड्यातला आकडा सिस्टरांना सांगायचा आणि परत येऊन डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा उठायचे. या जागरणामुळे घरी आल्यावरचे दोन दिवस मी झोपून काढले. ज्या दिवसांत पाणी सर्वांत जास्त पोटात जायला हवे, नेमके तेच कोरडे गेले. दुसऱ्या सायकलीनंतर माझे क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम मंदावले की रक्तात वाढणारा घटक) 0.9 वरून 1.3 वर गेले.

डे-केअरमध्ये सुमारे दोन लिटर सलाईन आणि त्यातच मॅग्नेशियम दिले. सिस्प्लॅटिनमुळे मॅग्नेशियम लघवीवाटे वाहून जाते आणि ते कमी पडले की मूत्रपिंडांची इजा वाढते, म्हणून ते मिळणार आहे ना, हे अवश्य विचारावे. संध्याकाळी घरी येऊन मी शांत झोपलो. पुढचे तीन दिवस पत्नी पाण्याची प्रत्येक बाटली संपली की कॅलेंडरवर रेघ ओढत असे. रोज दोन रेघा झाल्याच पाहिजेत, हा तिचा नियम. क्रिएटिनिन 1.1 वर आले आणि तिथेच राहिले. हे श्रेय झोपेचे, पाण्याचे की मॅग्नेशियमचे, हे एका माणसाच्या अनुभवावरून ठरवता येणार नाही. तरीही पुन्हा वेळ आली, तर मी डे-केअरच मागेन.

मात्र हृदय अशक्त असेल, क्रिएटिनिन आधीच वाढलेले असेल, रेडिएशनमुळे घोट गिळवत नसेल किंवा घर रुग्णालयापासून फार लांब असेल, तर दाखल होणेच बरे. दोन्ही पर्यायांत डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. माझ्या औषधांच्या डब्यातून पत्नीने ती पहिल्याच दिवशी काढून टाकली होती.