अनोळखी माणसांच्या रोजनिश्या कोठे वाचाव्यात: मास ऑब्झर्व्हेशन की ग्रेट डायरी प्रोजेक्ट?

इंग्लंडमध्ये शिकायला किंवा मुलांकडे राहायला गेलेल्या आणि जुने कागद वाचण्याची आवड असलेल्या मराठी माणसापुढे हा प्रश्न कधी ना कधी येतो. तिथल्या सामान्य लोकांच्या रोजनिश्यांचे दोन मोठे संग्रह परस्परांपासून फार दूर नाहीत: ससेक्स विद्यापीठाचा मास ऑब्झर्व्हेशन संग्रह ब्रायटनच्या वेशीवर, फाल्मरजवळच्या ‘द कीप’ या दफ्तरखान्यात आहे, तर ग्रेट डायरी प्रोजेक्ट लंडनच्या बिशपसगेट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. मी दोन्हीकडे बसून वाचले आहे. सवड एकाच ठिकाणापुरती असेल तर मी कोठे जाईन हे पुढे सांगतोच, मात्र ते माझ्या वाचनाच्या सवयींवरून ठरले आहे आणि दुसऱ्या कोणाचा कौल वेगळा पडला तर मला नवल वाटणार नाही.

दोन्ही संग्रहांचा जन्मच निराळा आहे. टॉम हॅरिसन, कवी चार्ल्स मॅज आणि चित्रपटकार हम्फ्री जेनिंग्ज यांनी १९३७ मध्ये मास ऑब्झर्व्हेशन ही सामान्य लोकांच्या रोजच्या जगण्याची नोंद करणारी संस्था सुरू केली, तेव्हा स्वयंसेवकांकडे मागणी होती ती दर महिन्याच्या १२ तारखेचा वृत्तान्त लिहून पाठवण्याची. ऑगस्ट १९३९ मध्ये, युद्ध दाराशी आलेले असताना, त्यांना रोजच लिहिण्याची विनंती करण्यात आली आणि पुढच्या वर्षांत सुमारे ४८० जणांनी तसे लिहिले. कोणी काही महिनेच, तर कोणी पंचवीस वर्षांहून अधिक. ग्रेट डायरी प्रोजेक्ट २००७ मधला. ब्रिटिश म्युझियममध्ये मातीच्या पाट्यांवरील कीलाकार लिपी वाचणारे आयर्व्हिंग फिंकेल यांनी पॉली नॉर्थ यांच्या साथीने तो उभा केला. माणूस गेल्यावर घर रिकामे करताना ज्या डायऱ्या कचऱ्यात जातात त्या वाचवायच्या, एवढाच त्यामागचा साधा हेतू, आणि आज तिथे दहा हजारांहून अधिक डायऱ्या आहेत. चार हजार वर्षांपूर्वीच्या हिशेबाच्या पाट्या वाचण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला किरकोळ नोंदींची किंमत कळावी, यात आश्चर्य नाही.

हाताला मिळणाऱ्या सुखाच्या बाबतीत बिशपसगेटला तोड नाही. तिथे खरी वही समोर येते. छोट्या कुलुपाच्या डायऱ्या असतात, मध्येच घातलेली तिकिटे असतात, आणि लेट्ससारख्या कंपन्यांच्या छापील डायऱ्या तर पुष्कळच. १८१२ पासून निघणाऱ्या या डायऱ्यांच्या सुरुवातीच्या पानांवर टपालाचे दर, सणावारांच्या तारखा, चंद्राच्या कला अशी माहिती छापलेली असते आणि लिहिणाऱ्याने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलेले नसते. पाच वर्षांची डायरी हा प्रकार मला विशेष आवडला. तिच्या एका पानावर एकच तारीख असते आणि पाच वर्षांच्या नोंदी एकाखाली एक अशा बसवलेल्या असतात. त्यामुळे एखाद्या २ नोव्हेंबरला कोणी आजारी होते, पुढल्या २ नोव्हेंबरला घराला रंग दिला आणि त्यापुढच्या वर्षी त्या चौकटीत फक्त पाऊस आहे, हे एका दृष्टिक्षेपात दिसते. अशी गंमत दुसऱ्या कुठल्या दस्तऐवजात मी पाहिलेली नाही.

आणि तरीही माझे मत फिरले ते एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीने: आद्याक्षरांनी. खाजगी डायरी लिहिणाऱ्याला आपली माणसे ठाऊक असतात, जागा तीन ओळींची असते, म्हणून तो नावाचे पहिले अक्षर लिहून पुढे जातो. मी एका स्त्रीच्या लागोपाठच्या वर्षांच्या डायऱ्या वाचत होतो. तिच्याकडे ‘एम.’ नावाचे कोणीतरी दर आठवड्याला येई, चहा होई, कधी बेत मोडे. एम. पुरुष की स्त्री याचाही पत्ता लागेना, त्यामुळे माझ्या टिपणवहीत ‘आला’ लिहावे की ‘आली’ इथपासून अडचण. पुढे एका वसंत ऋतूनंतर एम. दिसेनासे झाले. मी पाने उलटत गेलो, तर हवामान, लोकर, दातदुखी, चर्चमधला बाजार; एम.चे काय झाले याबद्दल एक अक्षर नाही. मृत्यू झाला असता तर निदान अंत्यविधीची नोंद असती, भांडण झाले असते तर दुसऱ्या दिवशीचे अक्षर तरी बदलले असते, असे तर्क करत बसण्यापलीकडे वाचकाच्या हाती काही राहत नाही. यात दोष ना त्या बाईंचा, ना डायरी जपणाऱ्यांचा; जिला सगळे माहीत आहे तीच वाचणार असेल तर तिने सांगावे तरी कोणाला? पण वही हातात असून माणूस हाती लागत नाही ही चुटपुट मला प्रत्येक डायरीगणिक लागत गेली, आणि काही काळाने कंटाळा येऊ लागला.

मास ऑब्झर्व्हेशनच्या रोजनिशीत ही चुटपुट जवळजवळ लागत नाही, कारण लिहिणाऱ्याला पहिल्या पानापासून ठाऊक असते की हे कागद अनोळखी माणसे वाचणार आहेत. जहाजबांधणीच्या बॅरो-इन-फर्नेस गावातली नेला लास्ट ही त्यातली सर्वांत प्रसिद्ध लेखिका, डायरी क्रमांक ५३५३. १९३९ मध्ये ४९ वर्षांची गृहिणी म्हणून तिने लिहायला घेतले ते १९६६ पर्यंत, आणि शब्दसंख्येचा अंदाज १ कोटी २० लाखांच्या घरात आहे. तिचा सुतारकामाचा धंदा असलेला अबोल नवरा, करखात्यातला थोरला मुलगा आर्थर, सैन्यात गेलेला आणि पुढे ऑस्ट्रेलियात शिल्पकार झालेला धाकटा क्लिफ ही सगळी मंडळी वाचकाला भेटतात, ओळखीची होतात आणि नाहीशी झाली तर का झाली तेही कळते. शिवाय कागद हप्त्याहप्त्याने कार्यालयाकडे रवाना होत. त्यामुळे सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन फौजा उतरतील की नाही हे ठाऊक नसतानाची धाकधूक नंतरच्या शहाणपणाने पुसली जाण्याची सोयच राहिली नाही.

यावर घेतला जाणारा आक्षेप मला मान्य आहे. कोणीतरी वाचणार हे ठाऊक असलेला माणूस थोडा सावरून बसतो. लिहिणारे बहुतेक हौशी, शिकलेले, मध्यमवर्गाकडे आणि डावीकडे झुकलेले होते, तेव्हा त्यांना सरसकट ‘सामान्य’ म्हणणे धाडसाचे होईल. युद्धाच्या सुरुवातीच्या काळात ब्रिटिश सरकारच्या माहिती मंत्रालयाने जनतेच्या मनोधैर्याची पाहणी याच संस्थेकडून करून घेतली होती, हेही वाचताना विसरता येत नाही. बिशपसगेटच्या डायऱ्या या सगळ्यापासून मुक्त आहेत. आणखी एक उणे म्हणजे युद्धकाळातली ही पाने मी पडद्यावर वाचली. नाजूक जुन्या कागदाच्या दृष्टीने ते रास्तच आहे, पण बोटांना काहीच मिळत नाही. मात्र सावरून बसलेला माणूसही पाचशे पानांनंतर सैल होतो असा माझा अनुभव आहे. रेशनच्या रांगेत शेजारणीबद्दल वाटलेला मत्सर, मुलाचे पत्र न आल्याची चिडचिड, नवऱ्याच्या मौनाचा जाच हे सगळे पुढे येतेच, आणि तेही पूर्ण वाक्यांत.

म्हणून एकाच ठिकाणी जाणे शक्य असेल तर मी फाल्मरची गाडी धरा असे सुचवेन. लंडनहून ब्रायटनपर्यंत साधारण तासाभराचा प्रवास आणि तिथे गाडी बदलणे हा व्याप आहे खरा, तर बिशपसगेट इन्स्टिट्यूट लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकाच्या समोरच आहे. अर्धाच दिवस हाती असेल तर हिशेब अर्थात उलटा होतो. हस्ताक्षर, कागद, छापील डायऱ्यांचा इतिहास हा ज्यांचा विषय आहे त्यांनीही बिशपसगेटलाच जावे, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या डायऱ्या देण्याचा विचार करणाऱ्यांनीही, कारण तयार डायऱ्या स्वीकारणे हेच त्या प्रकल्पाचे काम आहे. उलट स्वतःच लिहायचे असेल तर मास ऑब्झर्व्हेशन दर १२ मे रोजी एका दिवसाची रोजनिशी मागवते आणि ब्रिटनमध्ये राहणारा कोणीही ती पाठवू शकतो; तिथल्या मराठी घरांतला दिवस त्यात जावा असे मला फार वाटते.

फाल्मरला गेलात तर एवढेच करा, नेला लास्टचे कागद मागू नका. तिच्या लेखनाचे निवडक भाग छापून आलेले आहेत आणि ते घरी बसून वाचता येतात. सूचीतून ज्याचे नाव कोणी ऐकलेले नाही असा एखादा क्रमांक घ्या आणि तारखांमागून तारखा चाळण्याऐवजी त्याच माणसाबरोबर निदान १९४० चे एक वर्ष सलग काढा.