सोलापूरच्या पूर्व भागातले साक्षरता वर्ग: वर्ग चांगले, हजेरीची अडचण

हे वर्ग 'उल्लास'चे, म्हणजे 2022 ते 2027 च्या नवभारत साक्षरता कार्यक्रमाचे. 15 वर्षांवरील निरक्षरांसाठी, मोफत. शिकवणारे स्वयंसेवक बिनमानधन, आणि वर्गाचा दर्जा बराचसा त्या एका माणसावर ठरतो.

सोलापुरात विडी वळणाऱ्या बायकांना हिशेब आधीच येतो. 25 च्या बंडलांनी हजार म्हणजे 40 बंडलं, हे तोंडपाठ. अडतं ते कागदावर मांडताना. त्यामुळे अंकांची सुरुवात मजुरीच्या हिशेबाने करणारा स्वयंसेवक मिळाला तर प्रगती झपाट्याने होते. 'क कमळाचा' घेऊन बसणाऱ्याकडे दोन आठवड्यांत वर्ग ओस पडतो. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्यांचा तर आणखी गोंधळ, कारण अक्षर आणि भाषा दोन्ही नवी. परीक्षेच्या माध्यमाची चौकशी नोंदणीतच करावी.

परीक्षा 150 गुणांची: वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी 50. प्रत्येक भागात 33 टक्के लागतात. नापास होण्याची भीती बहुधा लेखनात, कारण सराव वाचनाचाच जास्त होतो.

खटकणारी गोष्ट एकच, पण मोठी: परीक्षा जवळ आली की नोंदणी फुगते आणि नंतर वर्ग रिकामे. सकाळी कारखान्यात माल द्यायचा, संध्याकाळी चूल. दुपारी 2 ते 4 ची वेळच टिकते. चाळिशीपुढच्यांची नजर आधी तपासा. चष्म्याअभावी 'डोक्यात शिरत नाही' म्हणून सोडणारे पुष्कळ.

पाचपैकी साडेतीन.