कॅनेडियन मेपल म्हणून विकलेला पॉपलरचा डेक

मुलांसाठी सोशल मीडियावरच्या एखाद्या पानावरून स्केटबोर्डचा डेक, म्हणजे उभं राहायची लाकडी फळी, मागवणार असाल, तर पैसे पाठवण्याआधी विक्रेत्याकडून दोन गोष्टी मागा. एक, डेकच्या कडेचा जवळून काढलेला फोटो, आणि तोही रंग न मारलेल्या कडेचा. दुसरं, ग्रिप टेप, म्हणजे पाय घसरू नये म्हणून वर लावतात ती खरखरीत पट्टी, न चिकटवलेला डेक. यातली एक जरी मागणी त्याने टाळली, तरी व्यवहार तिथेच थांबवा. आम्हाला ज्या तऱ्हेने फसवलं गेलं, ती सगळी या दोन गोष्टींच्या आड दडलेली होती.

माझी लेक पुण्यात स्केटिंग करते. टोकियो ऑलिंपिकमध्ये जपानच्या १३ वर्षांच्या मोमिजी निशियाने सुवर्णपदक जिंकलं, पाठोपाठ २०२२ मध्ये गुजरातच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत आपल्या पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने सुवर्ण मिळवलं, आणि आमच्या ओळखीतल्या कितीतरी मुली या खेळाकडे वळल्या. लेकीच्या जुन्या डेकची टेल, म्हणजे मागचं टोक, रस्त्यावर घासून पातळ झाली होती. ट्रक, म्हणजे चाकं ज्याला बसतात ते धातूचे भाग, चाकं, बेअरिंग सगळं धडधाकट होतं, फक्त डेक बदलायचा होता. तिच्या ट्रकचा अ‍ॅक्सल ८ इंची, म्हणून डेकही ८ इंच रुंदीचाच घ्या, आणि सात थरांचा हार्ड मेपल बघून घ्या, असं तिच्या सरांनी बजावलं होतं.

मी विक्रेत्याला नेमकं हेच लेखी विचारलं. रुंदी किती? लाकूड कोणतं? थर किती? उत्तरंही लेखी आली: ८ इंच, शंभर टक्के कॅनेडियन मेपल, सात थर, इम्पोर्टेड. सोबत एका नामांकित परदेशी ब्रँडच्या डेकचे फोटो. किंमत अगदी स्वस्त सांगितली असती तर कुणालाही शंका आली असती. त्याने ३,८०० सांगितली, म्हणजे अस्सल डेकपेक्षा कमी, पण विश्वास बसेल इतपतच. “कस्टममधून सुटलेला लॉट आहे मॅडम, शेवटचे दोन राहिलेत.” पैसे मात्र दुकानाच्या नाही, एका व्यक्तीच्या यूपीआय आयडीवर मागितले.

पार्सल आलं तेव्हा डेकवर काळी ग्रिप आधीच चिकटवलेली होती आणि चारही बाजूंच्या कडांवर काळा स्प्रे मारला होता. आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, कुठल्या देशात बनला, किंमत, यातलं काहीच खोक्यावर नव्हतं. विचारलं तर म्हणाला, ग्रिप आमच्याकडून फ्री. ट्रक बसवायला घेतले तर एका बाजूची भोकं किंचित तिरकी. बोल्ट जोर लावून बसले, पण बोर्ड सरळ सोडला की डावीकडे ओढायचा. मी त्याच संध्याकाळी व्हिडिओ पाठवून तक्रार केली. त्यावर त्याचं उत्तर, “नवीन लाकूड आहे, चार दिवस चालवू द्या, सेट होईल.” हे उत्तर त्याने विचारपूर्वक दिलं होतं, हे नंतर कळलं.

लेक सांगत होती, की ऑलीला, म्हणजे बोर्डासकट उडी घेताना, टेल मारली तर पॉपच, म्हणजे उसळीच, येत नाही, आवाजही बोदा येतो. आणि मग एका साध्या ऑलीनंतर खाली उतरताना पुढच्या ट्रकपाशी डेक मोडला. ती हातावर पडली आणि मनगट प्लास्टरमध्ये गेलं. विक्रेत्याला कळवल्यावर तो म्हणाला, ग्रिप लावलेला, वापरलेला माल परत घेत नाही. आणि डेक तर तुटतातच.

डेक तुटतात हे खरंच आहे. उत्तम मेपलचा डेकसुद्धा जोरात उडी मारणाऱ्याच्या पायाखाली कधी ना कधी मोडतो, तो झिजण्याचाच माल. पण मेपल मोडतो तेव्हा लांब, टोकदार चिरफळ्या निघतात. आमचा डेक मोडला आणि खारी बिस्किटासारखे त्याचे पदर सुटले.

आमच्याकडे फर्निचरचं काम करणारे मिस्त्री आहेत, त्यांना तुकडे दाखवले. त्यांनी पॉलिश पेपरने कडेचा काळा रंग घासून काढला, तुकडा उजेडाकडे धरला आणि म्हणाले, “ताई, हा पॉपलर आहे. यमुनानगरकडून प्लाय येतो ना, त्यातलाच. वर नुसता फेस, म्हणजे वरचा पदर, चांगला लावलाय.” मधल्या थरावर त्यांनी नख दाबलं आणि लाकडावर नखाची खूण उमटली. एका जागी आतल्या दोन पट्ट्यांमध्ये फट होती, तिला ते गॅप म्हणाले. कपाटाच्या पाठीला असा गॅप चालून जातो. इथे त्यावर एका मुलीचं सगळं वजन येऊन आदळत होतं. थर मोजले तर पाचच, त्यातला मधला चांगला जाड.

मेपलचा एवढा आग्रह का, तेही सांगते. डेकला लागतो तो हार्ड मेपल, म्हणजेच शुगर मेपल, कॅनडा आणि उत्तर अमेरिकेच्या थंड भागात वाढणारा. लाकडाचा कठीणपणा मोजायची जांका नावाची कसोटी आहे. तिच्यात हार्ड मेपल सुमारे १,४५० पाउंडांचा भार झेलतो. आपल्याकडे प्लायसाठी लावतात त्या जातीचा पॉपलर ४३० च्या आसपास. चांगल्या डेकमध्ये सातपैकी बहुतेक थरांचे रेषे लांबीच्या दिशेने असतात आणि साधारण दोन थर आडवे घातलेले असतात, म्हणजे डेक लांबीतही सहज मोडत नाही आणि रुंदीतही चिरत नाही. हे सगळं कडेला डोळ्यांनी दिसतं. म्हणूनच तर आमच्या डेकची कड रंगवली होती. आणि ग्रिप चिकटवली होती ती वरचा थर झाकायला आणि पुढे “वापरलेला” म्हणायची सोय करून ठेवायला. नवीन डेकसोबत ग्रिपची शीट वेगळी मिळते, दुकानदार लावून देतो तो तुम्ही डेक बघून झाल्यावर, तुमच्यासमोर. काही चांगल्या डेकमध्ये एखादा थर रंगीत असतो, त्याने बिचकू नका. कड पूर्ण एकाच रंगाने झाकलेली असेल तर मात्र घेऊ नका.

शक्य असेल तर डेक हातात घेऊन बघा. सपाट फरशीवर उपडा ठेवा, नोज, म्हणजे पुढचं टोक, आणि टेल एका रेषेत आहेत का ते पाहा. आठही भोकांवर आपल्या ट्रकची बेसप्लेट, म्हणजे डेकला बोल्टने लागणारी पट्टी, ठेवून बघा. रुंदी टेपने मोजा. आमचा “८ इंची” डेक पावणेआठसुद्धा भरला नाही.

आता कायद्याचं. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार जाहिरातीत सांगितल्यापेक्षा वेगळा, सदोष किंवा बनावट माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. “ग्रिप लावली” हे कारण त्याला पुरत नाही, आणि आमची ग्रिप तर त्यानेच लावलेली. आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि मूळ देश छापणं बंधनकारक आहे. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली आणि पैसे व्यक्तीच्या खात्यात गेले असल्याने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवरही. १९३० ला जितक्या लवकर फोन कराल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो.

आमचे पैसे अजून मिळालेले नाहीत. त्या पानाचं नाव मध्यंतरी बदललं, फोटो तेच आहेत. तुमच्याकडे असा काळ्या कडेचा डेक आला असेल तर मुलांना त्यावर चढू देऊ नका. तो मोडला असेल तर तुकडे फेकू नका, खोकं आणि चॅटचे स्क्रीनशॉट जपून ठेवा, आणि रक्कम किरकोळ वाटली तरी तक्रार नोंदवा. एकाच यूपीआय आयडीवर चार-पाच तक्रारी जमल्या तर पोलिसांनाही तो धागा पकडता येईल.