टाइट ऑइलसाठी कार्बन डायऑक्साइड: एकाच विहिरीत भरावा की एका विहिरीतून दुसरीकडे ढकलावा?

टाइट ऑइलच्या खडकात तेल असतं, ते बाहेर यायला तयार नसतं. पार्यता, म्हणजे खडकातून द्रव वाहू देण्याची क्षमता, ०.१ मिलिडार्सीपेक्षाही (मिलिडार्सी हे तिचं एकक) कमी. फ्रॅक्चरिंग केलं, म्हणजे दाबाने खडकात भेगा पाडल्या, तरी पहिल्या टप्प्यात साधारण ५ ते १० टक्केच तेल हाती लागतं. पाणी दाबायचा जुना उपाय इथे बहुधा अडतो, कारण इतक्या बारीक छिद्रांत पाणी सहजी शिरत नाही. कार्बन डायऑक्साइड शिरतो, तेलात विरघळतो. तेल फुगतं, पातळ होतं आणि दाब पुरेसा असेल तर दोन्ही एकजीव होतात.

हे साधायचे मार्ग दोन. ‘हफ अँड पफ’मध्ये वायू भरायचा, विहीर काही काळ बंद ठेवायची आणि तेल त्याच विहिरीतून काढायचं. खर्च आटोपशीर, निकाल लवकर कळतो आणि वायूचा पुरवठा खंडित झाला तरी निभावतं. मात्र दर फेरीला मिळणारं जादा तेल घटत जातं.

फ्लडिंगमध्ये एका विहिरीतून वायू सोडून दुसरीकडून तेल घ्यायचं. टेक्सासच्या सॅक्रॉक तेलक्षेत्रात हे १९७२ पासून, तर कॅनडातल्या वेबर्नमध्ये २००० पासून चालू झालं. पण ही पारंपरिक क्षेत्रं आहेत. त्यांचे आकडे टाइट खडकाच्या प्रस्तावात दिसले तर सावध व्हा. इथे वायू खडकातून मुंगीच्या पावलांनी सरकतो, नाहीतर भेगांतून थेट पलीकडची विहीर गाठतो आणि तेल जागच्या जागी राहतं. अमेरिकेतल्या बाकन खडकात तर एकाच विहिरीत वायू भरला असताना तो शेजारच्या विहिरीत निघाल्याचा अनुभव आहे. म्हणजे भेगांचा नकाशा दोन्हीकडे हवाच.

विहीर एकटी असेल आणि तेलच हवं असेल, तर मी हफ अँड पफ निवडेन. पण त्याला वायूची जमिनीत कायमची साठवणूक म्हणू नये: भरलेल्या वायूचा मोठा वाटा तेलासोबत परत येतो. तो वेगळा करून पुन्हा दाबला नाही, तर हवेतच जातो. साठवणुकीसाठी फ्लडिंग सरस, अर्थात वायू खडकात पसरत असेल तरच. पाण्याशी मिळून तयार होणारं आम्ल पोलादी नळ्या खातं, तो खर्च दोन्हीकडे धरा.

हिशेबात आणखी एक रकाना हवा. एक पिंप तेल जाळलं की सुमारे ०.४३ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. दर पिंपामागे जमिनीत कायमचा किती राहिला, हा आकडा त्याच्या शेजारी लिहा; भरलेला किती, तो नव्हे.