जुने फोटो, छोटे उद्योग की नेटवर्क? पीएचडीचा विषय ठरवताना

पेट (पीएचडीची प्रवेश परीक्षा) निघाली, गाईड मिळाले, आरआरसी (विषयाला मान्यता देणाऱ्या विद्यापीठ समितीची बैठक) पंधरा दिवसांवर आली आणि विषय अजून तिघांत अडकलाय, असे फोन मला वर्षाला दोन-तीन तरी येतात. फोन करणारे बहुतेक माझ्यासारखेच असतात. मराठवाड्यातल्या कुठल्या तरी तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल, वय पस्तिशीच्या पुढे, नोकरी सांभाळून पीएचडी. ग्रंथालयशास्त्र आंतरविद्याशाखीय विद्याशाखेत येतं, त्यामुळे आपल्याला कुंपण कमी. जुन्या छायाचित्रांचा संग्रह घ्या, छोट्या उद्योजकांचा नवोन्मेष (इनोव्हेशन) घ्या, नाहीतर संकटात नेटवर्क कितपत तग धरतं ते घ्या, तिन्ही चालून जातात. मी तिन्ही दारांतून आत डोकावलोय. एकात आठ महिने काढले, एकात दीड महिना, तिसऱ्यात अजून आहे. तेव्हा खालचा मजकूर शास्त्रीय तुलना म्हणून वाचू नका, एका माणसाची रडकथा म्हणून वाचा.

नियम तुम्हाला पाठ असतील. २०२२च्या यूजीसी नियमांत कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सहा, वर पुनर्नोंदणी करून दोन. विषय बदलायचाच असेल तर पहिल्या वर्षात बदलावा, नंतर गाईडच्या दारात चप्पल काढतानाच पोटात गोळा येतो.

सुरुवात छोट्या उद्योगांपासून करतो, मीही तिथूनच केली होती. या विषयाचं पहिलं सुख म्हणजे क्षेत्र दाराशी आहे. लातूरच्या डाळ मिल, जालन्याचं स्टील आणि बियाणं, १९८५मध्ये बजाजचा कारखाना आल्यावर वाळूजला उभे राहिलेले छोटे वर्कशॉप, भूमचा खवा, पैठणची पैठणी. एसटीच्या तिकिटात फील्डवर्क होतं. संदर्भसाहित्य ढिगानं आहे आणि गाईड लोकांना विषय आवडतो, कारण त्यात ‘उपयोजन’ दिसतं. मी डाळ मिल घेतल्या. उद्योजकांना माहिती कुठून मिळते आणि त्यातून ते नवीन काय करतात, असा साधा विषय.

एक किरकोळ त्रास आधीच सांगून ठेवतो. सूक्ष्म आणि लघु कुणाला म्हणायचं, हे मधेच बदलतं. जुलै २०२०पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा एक कोटीची गुंतवणूक आणि पाच कोटींची उलाढाल होती. १ एप्रिल २०२५पासून ती अडीच कोटी आणि दहा कोटी झाली. मी तोवर बाहेर पडलो होतो, पण माझ्या एका मित्राच्या प्रबंधातले कितीतरी ‘लघु’ उद्योग एका रात्रीत ‘सूक्ष्म’ झाले आणि बिचाऱ्यानं तक्ते पुन्हा केले. हे चालायचंच. कष्ट आहेत, पण करता येतं.

मला जे जमलं नाही ते प्रश्नावलीचं. बेचाळीस प्रश्न, प्रत्येकापुढे ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत पाच चौकटी. रेन्सिस लिकर्ट नावाच्या माणसानं १९३२मध्ये काढलेली ही मोजपट्टी आपल्याकडच्या निम्म्या प्रबंधांना पुरून उरली आहे. मे महिन्यातली दुपार, मिलमध्ये तुरीचा धुरळा, पंखा धुरळाच इकडून तिकडे नेतोय. मालक साठीचे, अतिशय सज्जन. आधी पाणी, मग चहा. मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावला, दोन प्रश्न वाचले, कागद माझ्याकडे सरकवला.

“सर, तुम्हीच टाका की काय टाकायचं ते. आमचं काय, सहमतच आहे.”

मी म्हटलं, काका, तुमचं मत पाहिजे. मग मी प्रश्न वाचायचा, त्यांनी “सहमत” म्हणायचं. सतराव्या प्रश्नाला आलो. गेल्या तीन वर्षांत आपण उत्पादन प्रक्रियेत काही नवोन्मेष केला का? त्यांनी मुलाकडे बघितलं. मुलगा म्हणाला, “तसलं काही नाही आपल्याकडं. डाळ निवडायचं सॉर्टेक्स मशीन बसवायचं चाललंय, पण अजून नाही.” मी ‘नाही’वर खूण केली.

निघताना चाळणीजवळ थांबलो. माल जिथून पडतो त्या तोंडाशी एक काळं गोल काहीतरी तारेनं बांधलेलं होतं. जवळ जाऊन बघितलं तर लोहचुंबक, जुन्या स्पीकरमधून काढलेलं. त्याला खिळे, तारेचे तुकडे, एक सेफ्टी पिन चिकटलेली. पोत्यांतून येणारं लोखंड मशीनमध्ये जाऊन रोलर खराब व्हायचा, म्हणून हमालांतल्या एकानं हे बसवलं होतं. दोन वर्षं झाली होती. आता गंमत अशी की, नवोन्मेष मोजण्यासाठी जगभर जी ओस्लो नियमावली प्रमाण मानतात, तिच्या हिशेबात गोष्ट जगात नवी असायची गरज नाही, त्या उद्योगापुरती नवी असली तरी पुरते. म्हणजे ते चुंबक अस्सल नवोन्मेष होतं. आणि माझ्या कागदावर, सतराव्या प्रश्नापुढे, माझ्याच अक्षरात ‘नाही’ होतं.

असे एकसष्ट कागद जमले. कुणी वरून खालपर्यंत ‘सहमत’, कुणी वरून खालपर्यंत ‘पूर्ण सहमत’. एसपीएसएस या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकले तर क्रॉनबॅक अल्फा ०.९च्या वर आला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा विश्वासार्हतेचा आकडा आहे, आणि प्रत्येकानं डोळे झाकून एकाच रांगेत खुणा केल्या की तो झकास येतो. गाईड खूश झाले. त्या आकड्यावर मी आख्खं प्रकरण लिहू शकलो असतो, लिहायला बसलोही होतो. चारेक पानं झाली. मग ती सेफ्टी पिन आठवायची.

इथे एक गोष्ट मान्य करतो. दोष विषयाचा कमी आणि पद्धतीचा जास्त होता. प्रश्नावली बाजूला ठेवून महिनाभर मिलमध्ये बसू देणारे गाईड तुम्हाला मिळाले, तर हा विषय सोन्यासारखा आहे. माझ्या नशिबी “सांख्यिकी कुठाय?” विचारणारी समिती होती. तुमचीही तशीच निघण्याची शक्यता बरीच आहे, एवढंच म्हणतो.

नेटवर्कचा विषय मी रागाच्या भरात धरला. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयाचा सर्व्हर एका जूनमध्ये बसला. नऊ वर्षांच्या नोंदी गेल्या. बॅकअप रोज व्हायचा, अगदी नेमानं, पण त्याच मशीनच्या डी ड्राइव्हवर. बॅकअप लावणारा मी स्वतःच, त्यामुळे कुणावर ओरडायचीही सोय नव्हती.

विषय म्हणून हा तिन्हींत सगळ्यांत नेटका आहे, हे खरं. पाया पक्का आहे. पॉल बॅरननं १९६४मध्ये दाखवून दिलं की प्रत्येक गाठीला, म्हणजे जाळ्यात जोडलेल्या प्रत्येक ठिकाणाला, तीन-चार दुवे असले तरी जाळं मोठा मार सोसून उभं राहतं. २००० साली आल्बर्ट, जोंग आणि बाराबासी यांनी पुढचं सांगितलं. काही मोजक्या गाठींना भरमसाट दुवे असलेलं जाळं सहज होणाऱ्या बिघाडांना दाद देत नाही, पण कुणी नेमक्या त्या मोठ्या गाठी हेरून मारल्या तर कोसळतं. आपल्या क्षेत्रातलं उदाहरणही ताजं आहे. ऑक्टोबर २०२३मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर रॅन्समवेअरचा (डेटा अडकवून खंडणी मागणारा) हल्ला झाला आणि ऑनलाइन कॅटलॉग जानेवारी २०२४मध्ये कुठे परत दिसू लागला. लातूरकराला तर हे सिद्धान्त शिकवायलाही नकोत. मांजरा धरण आटलं आणि १२ एप्रिल २०१६ला मिरजेहून दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आलं, तेव्हा एकाच गाठीवर अवलंबून राहणं म्हणजे काय ते सगळ्या शहरानं घागर घेऊन पाहिलं होतं.

काम घरबसल्या होतं. सॉफ्टवेअर फुकट आहे, गणित बेताचं लागतं, परीक्षकाला आलेख आवडतात, आणि माझ्या माहितीतले या विषयावरचे दोघे साडेतीन वर्षांत मोकळे झाले. नोकरीच्या दृष्टीनंही हाच बरा. मला अडचण आली ती खऱ्या जाळ्याचा नकाशा मिळवताना. जिथे विचारलं तिथे सुरक्षेचं कारण पुढे आलं, आणि ते खोटंही नव्हतं. मग सगळे करतात तेच करायचं, संगणकावर काल्पनिक जाळं काढायचं आणि त्यातल्या गाठी उडवायच्या. मी शंभर गाठींचं काढलं. गाठ क्रमांक सदतीस उडवली की आलेख खाली यायचा. छान यायचा. पण त्या सदतीसला ना गाव होतं ना जेसीबी. आमच्याकडे रस्ता रुंदीकरणात केबल तुटते तेव्हा कुठला ठेकेदार, कुठला पूल, कुणाचं शेत, हे सगळं त्या तुटण्यात असतं. दीड महिन्यात माझा रस आटला. ज्यांना अमूर्तात मजा वाटते त्यांनी माझं ऐकू नये.

आता जुने फोटो. तोटे आधी सांगतो, म्हणजे पक्षपात केला असं कुणी म्हणायला नको. मराठवाड्यात गाईड शोधून सापडत नाहीत. मूळ वस्तू जवळ नाहीत. लाला दीनदयाळ १८८४च्या सुमारास सहाव्या निजामाच्या दरबारी छायाचित्रकार झाले, त्यांच्या अडीच हजारांहून जास्त काचेच्या निगेटिव्ह दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. दौलताबाद-वेरूळचे जुने अल्बम लंडनला. निजामी दप्तर हैदराबादला तारनाक्याच्या अभिलेखागारात, उर्दू-फारसीत. मी वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी उर्दू शिकलो. छापील वाचता येतं, हातची शिकस्ता लिपी अजून माझा जीव घेते. आमचे आजोबा निजामाच्या शाळेत उर्दूतून शिकलेले, त्यांच्याकडून चार अक्षरं गिरवली असती तर, असं दर आठवड्याला वाटतं. शिवाय शोधताना नावांचा घोळ. खुलताबादचे फोटो ‘रोझा’ या नावाखाली लागतात, आणि संभाजीनगर-धाराशिव टाकून काहीच हाती लागत नाही, जुनीच नावं घालावी लागतात.

एवढं असूनही मी इथेच राहिलो. रॉबर्ट गिलचं प्रकरण वाचताना बहुधा ठरलं. मद्रास लष्करातला हा अधिकारी १८४४पासून अजिंठ्यात राहून भित्तिचित्रांच्या तैलरंगात नकला करत होता. त्यातल्या बहुतेक लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या असताना १८६६च्या आगीत गेल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतल्या ग्रिफिथ्स या शिक्षकानं तिथल्या विद्यार्थ्यांकडून पुन्हा नकला करून घेतल्या, त्यांतल्याही कितीतरी १८८५मध्ये लंडनमध्येच जळाल्या. पण गिलनं मधल्या काळात कॅमेरा हाती घेतला होता. ओल्या कोलोडियनच्या काचा, म्हणजे लेप ओला आहे तोवर फोटो घेऊन धुवायचाही, सगळं दहा-पंधरा मिनिटांत, अजिंठ्याच्या उन्हाळ्यात त्याहून कमी. त्यातली स्टिरिओ (जोडचित्रांतून खोली दिसणारी) छायाचित्रं १८६४मध्ये लंडनला पुस्तकरूपानं छापली गेली आणि त्यांच्या प्रती पांगल्या. जिथे एकच नग होता ते जळालं, जिथे प्रती होत्या ते राहिलं. माझ्या डी ड्राइव्हचा धडा दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी गिरवून ठेवला होता.

आणि सगळंच लंडनला नाही. उदगीरकडच्या एका गावात, पूर्वी स्टुडिओ असलेल्या घरी, पत्र्याच्या ट्रंकेत काचा निघाल्या. उर्दू वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, ओलीनं काही एकमेकींना चिकटलेल्या. या काचा फार जुन्या नाहीत, कोरड्या जिलेटिनच्या, म्हणून मी काळाची मर्यादा १९४८पर्यंत ओढून घेतली. एक काच कडेनं धरून खिडकीपाशी नेली. नऊवारीतली बाई, निगेटिव्हमध्ये कुंकू पांढरं. काच जरा तिरपी केली तर गालावर बारीक बारीक चकाकणारे ठिपके दिसले. पेन्सिल होती ती. देवीचे व्रण स्टुडिओवाल्यानं टोकदार पेन्सिलीनं एकेक करून भरून काढले होते. चेहरा त्यानं नितळ केला होता, पण व्रण कुठे होते ते काचेवर त्याच्याच हातानं नोंदलं गेलं होतं. तासभर मी ती एकच काच बघत होतो.

तेव्हा ज्याला तीन-साडेतीन वर्षांत मोकळं व्हायचंय त्यानं नेटवर्क घ्यावं, मनापासून सांगतो. घर न सोडता फील्डवर्क हवं असेल तर उद्योग. पण प्रश्नावली छापण्याआधी पाच जणांकडून भरून घ्या, आणि पाचही जण चहा पाजून सहमत झाले, तर एकदा येऊन माझी ट्रंक बघून जा.

त्या बाईची ओळख अजून पटलेली नाही. स्टुडिओवाल्यांच्या घरी नव्वदीच्या एक आजी आहेत, त्यांना मी प्रिंट काढून दाखवला. घरातल्या सगळ्यांचं म्हणणं, ही आजींची थोरली जाऊ. मीही सिनॉप्सिसमध्ये तसंच लिहिलं होतं. आजींनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

“छे! तिचं नाक असलं नव्हतं. तुला कुणी सांगितलं ही ती म्हणून?”

मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे, तेव्हा पुन्हा घेऊन ये, म्हणाल्या.