डीएपीसाठी थांबायचं का सुपर अन् युरियावर पेरून मोकळं व्हायचं?

रोहिणी लागल्या की आमच्या गावात एकच विषय, डीएपी, म्हणजे पेरणीसोबत द्यायचं नत्र-स्फुरदाचं खत, आली का. यंदा साळ्याचं सात एकर सोयाबीन-तूर आन तीन एकर कपाशी आहे, तो रोज फोन करून विचारून राहिला, भाटवे थांबू का सुपर (सिंगल सुपर फॉस्फेट) उचलू. त्याला सांगितलं तेच इथं टाकतो, आणखी कोणी अडकून असन तर पाहा.

पहिले हिशोब. डीएपीच्या 50 किलोच्या पोत्यात 9 किलो नत्र (नायट्रोजन) अन् 23 किलो स्फुरद (फॉस्फरस), भाव गेली काही वर्षं 1350 वर धरून ठेवलेला. तेवढं स्फुरद सिंगल सुपरमधून पाहिजे तर तीन पोते लागतात, वरून नत्रासाठी 20 किलो युरिया. युरियाचं 45 किलोचं पोतं 266.50 ला आहे, त्याचं काही नाही, पण सुपरचे तीन पोते कंपनीनुसार दीड हजारावर जातातच. म्हणजे सुपर स्वस्त पडते म्हणणारे पोत्याचा भाव पाहून बोलतात, स्फुरदाचा नाही. सात एकराला एकवीस पोते, बंडीच्या दोन खेपा अन् हमाली वेगळी.

मंग सुपर काहून घ्यायचं? गंधकासाठी. तीन पोत्यांत 16 किलोच्या वर गंधक येते, सोयाबीनला तेल भरायला तेच लागते, अन् डीएपीत ते मुळीच नाही. अलग गंधक घेतलं तर डीएपीचा फायदा तिथंच जिरतो. आन कृषी केंद्रात डीएपीसोबत नको असलेल्या दुसऱ्या मालाची बाटली गळ्यात मारली तर 1350 चा भाव राहतो कुठं?

आता माल येते कुठून ते पाहा. स्फुरद निघते फॉस्फेटच्या दगडातून, अन् तो दगड जगात सगळ्यात जास्त मोरोक्को अन् पश्चिम सहाराकडे, साधारण 70 टक्के साठा तिकडं. चीननं 2021 पासून डीएपीच्या निर्यातीवर लगाम लावला, सौदीची डीएपी होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येते, तिथं खट्ट झालं की आपल्या तालुक्यात रांग. सुपरचा थोडा दगड तरी उदयपूरजवळच्या झामरकोटड्याचा असते, बाकी बाहेरूनच, पण कारखाने इथले असल्यानं ते मिळून जाते.

साळ्याचा पोरगा पुण्याहून व्हिडिओ पाठवते, मामा आता पवनचक्कीच्या लाइटीवर खत होणार, घाई कशाला. होते बाबू, खोटं नाही, विजेनं पाणी फोडून हायड्रोजन काढायचा, हवेतल्या नत्राशी जोडून अमोनिया करायचा, पंजाबात नांगलला 1961 मध्ये भाक्रा धरणाच्या विजेवर हेच चालू होतं. पण सातारा-धुळ्याच्या पवनचक्क्या पावसाळ्यात गरगरतात अन् नंतर मंदावतात, अमोनियाचा प्लांट मात्र बारा महिने एकसारखा चालवावा लागते. युरियाला तर वरून कार्बन डायऑक्साइडही लागते, गॅसच्या कारखान्यात तो गॅसमधूनच निघते. आन मेन गोष्ट, स्फुरद हवेत नसते. डीएपीत शेकडा 18 नत्र अन् 46 स्फुरद, त्यातला 18 उद्या वारा देईन, 46 मोरोक्कोच्याच हातात. म्हणून नत्राच्या टंचाईची मले एवढी धास्ती नाही जेवढी स्फुरदाची आहे.

साळ्याले सांगितलं, सोयाबीन-तुरीला सुपर घे, दाणेदारच, भुकटी ओल धरली की पेरणीयंत्राच्या नळीत अटकते. कपाशीला डीएपी छापील भावात अन् बिलावर भेटली तर तीन पोते घे, नाहीतर तिथंही सुपर टाक, कपाशीला युरिया तसाही हप्त्यानं द्यायचा असते. फक्त सुपर अन् युरिया रात्रीच कालवून ठेवू नको. मागच्या साली मी ठेवला होता, सकाळी त्याचा नुसता चिखल, घमेल्यानं खरवडून काढावा लागला.